सीझन तिकीट पुन्हा महागलं. या वर्षी भरावं की सोडावं?

आर_रांग

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, थोडा लांब होईल.

इंग्लंडात येऊन सोळा वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं इथल्या एका प्रीमियर लीग क्लबचं सीझन तिकीट, म्हणजे हंगामभराच्या घरच्या सामन्यांचा पास, आमच्याकडे आहे, माझं एक आणि लेकाचं एक. क्लबचं नाव लिहीत नाही. तक्रार करायची आहे आणि क्लबवर जीवही आहे, म्हणून नाव राहू दे.

मागच्या मंगळवारी नूतनीकरणाची ईमेल आली. माझं तिकीट ८४५ पौंडांवरून ८९५. एवढं सोसलं असतं. पण लेकाला ऑगस्टात अठरा पूर्ण होतात. त्याचा 'ज्युनियर' दर संपला, आता 'यंग ॲडल्ट'. २९९चे एकदम ५२०. दोघांचे मिळून गेल्या वर्षी ११४४ भरले होते, आता १४१५ मागतायत. वरचे २७१ पौंड आणायचे कुठून, हा प्रश्न आहे.

एरवी मी हा धागा काढलाही नसता. पण ऑफिसात कन्सल्टेशन सुरू आहे, आमच्या चौदा जणांच्या टीममधल्या पाच जागा जाणार आहेत. कोणाच्या, ते पुढच्या महिन्यात कळेल. घराच्या कर्जाचा फिक्स्ड दर ऑक्टोबरात संपतोय. बायको म्हणते, "तू ठरव, मी काही बोलणार नाही." ती असं म्हणाली की मला जास्त विचार करावा लागतो.

आमच्या जागा आर रांगेत आहेत. लेक सात वर्षांचा होता तेव्हापासून त्याच दोन खुर्च्या. त्याच्या पलीकडे एक आजोबा बसतात, निवृत्त बसचालक, आता अठ्ठ्याहत्तरचे. मध्यंतराची शिट्टी झाली की ते कोटाच्या आतल्या खिशातून पुदिन्याच्या गोळ्यांची पुडी काढतात, अंगठ्याने एक गोळी वर सरकवतात आणि न बघता लेकापुढे धरतात. अकरा वर्षं हे चाललंय. लेक आता त्यांच्यापेक्षा वीतभर उंच आहे, तरी गोळी घेतोच.

३१ तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. सोडलं तर जागा गेली, प्रतीक्षायादीत हजारो लोक उभे आहेत. तुम्ही काय केलं असतं?

गोलजाळी

सोडू नका. मी २०१९ला एका वर्षासाठी म्हणून सोडलं होतं. अजून यादीतच आहे.

हिशेबनीस

आधी आकडे मांडू, मग भावना.

घरच्या मैदानावर लीगचे सामने १९. ८९५ भागिले १९ म्हणजे तुमचं एका सामन्याचं तिकीट ४७ पौंडांना पडतं. लेकाचं २७ आणि वर थोडे. दोघांचे मिळून दर सामन्याला साडेचौऱ्याहत्तर. त्यात रेल्वे किंवा पार्किंग आणि मध्यंतरात पोटात जातं ते धरा. तुमच्या खिशातून दर सामन्याला शंभरच्या वरच जात असणार.

आता खरा प्रश्न. मागच्या हंगामात १९पैकी किती सामन्यांना दोघंही गेलात? टीव्हीवाले शनिवार दुपारचा सामना सोमवारी रात्रीवर नेतात, त्यातले किती हुकले? हा आकडा कागदावर लिहा.

हप्ते घेणार असाल तर व्याज आहे का ते वाचा. काही क्लब बाहेरच्या कर्ज कंपनीमार्फत हप्ते देतात. 'सोपे हप्ते' असं वर लिहिलेलं असतं आणि खाली टक्के.

आर_रांग

@हिशेबनीस, मी १७ सामन्यांना होतो, लेक १४. तीन वेळा त्याची परीक्षा होती.

बाजारपेठ

माझं मत बऱ्याच जणांना आवडणार नाही, पण मांडतो. यादीत हजारो लोक उभे असतील तर तिकीट स्वस्त आहे, महाग नाही. नाटकाचे दर वाढले, विमानाचे वाढले, बाहेर जेवायला गेलं की बिल दुप्पट येतं. क्लबांचाही खर्च वाढलाय. एप्रिल २०२५पासून इंग्लंडात मालकांना पगारावर भरावा लागणारा नॅशनल इन्शुरन्स १३.८ टक्क्यांवरून १५ झाला, तो क्लबांनाही लागू आहे. नियमाप्रमाणे तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांच्या वर तोटा दाखवायचा नाही, हे बंधन त्यांच्यावर होतं. पैसे कुठून तरी यायलाच हवेत. चांगला संघ हवा आणि जुना दर हवा, हे दोन्ही कसं जमणार?

हिशेबनीस

@बाजारपेठ, आकडे बरोबर आहेत, पण ते कशासमोर ठेवायचे ते बघा. समजा एका क्लबची २५ हजार सीझन तिकिटं आहेत आणि प्रत्येकावर ५० पौंड वाढवले. झाले साडेबारा लाख पौंड. ५२ आठवड्यांनी भागा, २४ हजार येतात. या लीगमध्ये एवढा पगार बाकावर बसणाऱ्या राखीव खेळाडूचा असतो. आणि २०२५-२६पासूनच्या चार वर्षांसाठी नुसत्या देशांतर्गत टीव्ही हक्कांचा करार ६७० कोटी पौंडांचा आहे. आर_रांग यांच्या २७१ पौंडांनी क्लबचा ताळेबंद हलत नाही. त्यांच्या घरचा हलतो.

चाफा

हिशेबनीस, शेवटची दोन वाक्यं मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली.

मर्सीकाठ

मी लिव्हरपूलजवळ राहतो. इथे एकदा काय झालं ते सांगतो, कारण 'भरा नाहीतर सोडा' यापलीकडेही एक वाट असते.

२०१६च्या सुरुवातीला लिव्हरपूलने पुढच्या हंगामाचे दर जाहीर केले. नव्या मेन स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड. ६ फेब्रुवारीला ॲनफिल्डवर संडरलँडशी सामना होता. चाहत्यांनी ठरवलं, ७७व्या मिनिटाला उठायचं. आम्ही २-० पुढे होतो. मी कॉपमध्ये, म्हणजे तिथल्या कट्टर चाहत्यांच्या स्टँडमध्ये होतो, घड्याळाकडे बघत होतो, आणि खरं सांगतो, पाय उठत नव्हते. पुढे असताना उठून जायचं हे अंगवळणीच नाही. मग शेजारच्या रांगेतली एक बाई उठली, तिच्यामागून तिचा मुलगा उठला, आणि अख्खा जिना भरून गेला. सुमारे दहा हजार लोक बाहेर पडले. आम्ही रस्त्यावर असताना आतून आवाज आला, आणि तो आमच्या लोकांचा नव्हता. सामना २-२ सुटला.

चार-पाच दिवसांत मालकांनी माफी मागितली, ७७चं तिकीट मागे घेतलं आणि दोन हंगाम दर गोठवले. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या चाहत्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. ती आजही तीसच आहे. त्यामागे देशभरच्या चाहत्यांची काही वर्षांची चळवळ होती, आपोआप काही आलं नाही.

बाजारपेठ

मर्सीकाठ, हा किस्सा माहीत नव्हता. पण २०२४ला त्यांनी पुन्हा २ टक्के वाढवलेच ना?

मर्सीकाठ

वाढवले. म्हणून अटलांटाविरुद्धच्या युरोपा लीगच्या सामन्याला कॉपवर एकही झेंडा लागला नाही. एरवी तिथे कापडाखाली माणूस दिसत नाही, त्या रात्री नुसत्या खुर्च्या आणि डोकी. आम्ही ०-३ हरलो. पुढच्या हंगामासाठी, म्हणजे २०२५-२६ला, दर गोठवले. हे दर वर्षी भांडावं लागतं, दादा. एकदा भांडून संपत नाही.

म्युनिकवासी

जर्मनीतून नमस्कार. इथे बायर्नच्या साऊथ स्टँडमध्ये उभं राहायचं सीझन तिकीट दोनशे युरोच्या आत मिळतं, लीगचे १७ घरचे सामने. मिळणं महाकठीण, ते वेगळं. कारण '५०+१'चा नियम. काही अपवाद सोडले तर क्लबच्या मतांमधला निम्म्याहून जास्त वाटा सभासदांच्या संस्थेकडेच राहतो. गुंतवणूकदार पैसा घालू शकतो, पण सभासदांना डावलून हुकूम चालवू शकत नाही.

आणि सगळं गोड आहे असंही नाही. फेब्रुवारी २०१६ला, म्हणजे मर्सीकाठ सांगतात त्याच आठवड्यात, डॉर्टमुंडचे चाहते श्टुटगार्टच्या मैदानावर तिकिटाच्या दरासाठी वीस मिनिटं उशिरा आत आले आणि नंतर मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले. पिवळे चेंडू हिरवळीवर टपटप पडतायत आणि खेळाडू ते गोळा करतायत!

अर्धविराम

टेनिसचे चेंडू का पण?

म्युनिकवासी

जर्मनीत 'ग्रोसेस टेनिस' म्हणजे 'काय भारी खेळ!' असं म्हणायची पद्धत आहे. दर बघून त्यांनी तेच म्हटलं, चेंडूंसकट.

अर्धविराम

ग्रोसेस टेनिस. आजपासून घरी भाजीचे भाव ऐकले की हेच म्हणणार.

तालीमकर

कोल्हापुरातनं लिहितोय. आमच्याकडं शाहू स्टेडियमला पाटाकडील विरुद्ध दिलबहार, नाहीतर खंडोबा विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असलं की गावात दुसरं काम होत नाही. संघ तालमीचा, आणि तालीम पेठेची. खेळाडूचे बूट, परगावच्या खेळाडूंचं जेवणखाण, सगळं पेठेतल्या वर्गणीवर आणि देणगीवर चालतं. कुणाचं दुकान बसलं, एक वर्ष वर्गणी दिली नाही, तर त्याला कुणी स्टेडियमच्या पायरीवरनं उठीवत नाही. उलट त्याला आधी हाक मारत्यात, "ये रं, हिकडं बस."

आर_रांग भाऊ, तुमचे ते बसवाले आजोबा मला आमच्याच पेठेतले वाटले. माणूस अकरा वर्षं पोराला गोळी देतो, आणि क्लब म्हणतो पोरगं आता मोठं झालं, ५२० काढा. माझं मत, भरा. पण रागावून भरा आणि लिहून कळवा.

पहिलीच_वेळ

थोडं वेगळं लिहितो. मी पुण्याचा. दोन वर्षांपूर्वी बायको आणि मी इंग्लंड फिरायला गेलो, तेव्हा ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडचा सामना पाहिला. साधं तिकीट मिळण्यासारखं नव्हतं, म्हणून जेवणासकटचं महागडं पॅकेज घेतलं. लहानपणापासूनचं स्वप्न होतं, पैशांचं दुःख नाही.

पण हा धागा वाचताना जाणवलं की क्लबाला माझ्यासारखा माणूस हवा आहे. एकदा येणारा, दुकानातून तीन पिशव्या भरून नेणारा, दर वाढला तरी न बोलणारा. मला गाणी येत नव्हती. शेजारच्या बाबांनी प्रत्येक ओळ आधी माझ्या कानात सांगितली आणि मग स्वतः म्हटली. ते बाबा नसते तर मी काय पाहायला गेलो होतो? तो आवाज त्यांचा होता. त्यासाठीच तर आम्ही समुद्रापलीकडून येतो.

चाफा

@पहिलीच_वेळ, फार छान लिहिलंत.

याच क्लबाने नोव्हेंबर २०२४ला, हंगाम अर्ध्यावर असताना, सभासदांसाठी उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला. मुलांना आणि ज्येष्ठांनाही सवलत नाही. टॉटनमने नव्या ज्येष्ठांना सीझन तिकिटावरची सवलत देणं थांबवायचं ठरवलं, तेव्हा तिथेही आंदोलन झालं. मला सर्वांत जास्त हे खुपतं. पन्नाशीतल्या माणसाला पन्नास पौंड वाढले तर तो कुरकुर करत भरतो. पण सात वर्षांचं पोर आणि अठ्ठ्याहत्तरचे आजोबा या दोन टोकांनाच कात्री लावली तर रांगेत उरेल कोण?

कूपरेज_कट्टा

वयाने या धाग्यावर बहुधा मीच मोठा. सत्तरच्या दशकात मी कूपरेजला रोव्हर्स कप बघायचो. मफतलाल, टाटा, नंतर महिंद्र. ऑफिस सुटलं की चर्चगेटहून चालत. तिकीट खिशाला जाणवायचंही नाही.

मुंबईच्या चाहत्याचं दुःख दराचं नव्हतंच कधी. महिंद्र युनायटेडने २००५-०६ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०ला संघच बंद केला. मी तिकीट काढायला तयार होतो, काढायला संघ नव्हता. म्हणून तुमची ईमेल वाचून माझ्या मनात पहिल्यांदा आलं की निदान ईमेल तरी आली. हे तुमचं दुःख कमी लेखायला म्हणत नाही. दर वाढला तर माणूस भांडू शकतो. क्लबच गेला तर भांडायला दार राहत नाही.

फोंडेकर

काका, अगदी बरोबर. गोव्यातही २०१६ला साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले, पाठोपाठ धेंपो. एवढी मोठी नावं, बघता बघता गेली.

आणि अलीकडचं बघा. आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, करार संपत आला म्हणून २०२५-२६चा हंगाम लटकला. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी स्पर्धा थेट फेब्रुवारी २०२६ला सुरू झाली, तीही एकेरी फेरीची. मधल्या काळात मँचेस्टर सिटीवाल्या गटाने मुंबई सिटीतून अंग काढून घेतलं. आम्ही एफसी गोवाचे चाहते महिनोन्महिने हेच विचारत होतो की हंगाम होणार का. ऑक्टोबरात रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्र फातोर्ड्याला आला, तो स्वतः नव्हता, तरी स्टेडियम दणाणलं. आम्ही १-२ हरलो. त्या रात्री मडगावहून घरी येताना मुलगी विचारते, "बाबा, आता पुढचा सामना कधी?" लीगच्या सामन्याची तारीख मला सांगता येईना.

सातारी_कंदी

अवांतर : फातोर्ड्याच्या बाहेर रोस ऑम्लेट अजून मिळतं का?

फोंडेकर

मिळतं. मडगावला आलात की माझ्यातर्फे.

शेफिल्डचा_चहा

कूपरेज काकांच्या मुद्द्यावर. माझ्या गावात दोन क्लब आहेत, त्यातल्या शेफिल्ड वेन्सडेचं ऐका. २०२५मध्ये खेळाडूंचे पगार वारंवार उशिरा झाले, चाहत्यांनी मालकाविरुद्ध सामन्यांवर बहिष्कार टाकला. ऑक्टोबरात मिडल्सबराविरुद्ध घरच्या मैदानावर खुर्च्या ओस होत्या. माझे शेजारी तीस वर्षांचे चाहते, त्या रात्री घरी बसून राहिले. टीव्हीही लावला नाही. २४ ऑक्टोबरला क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला, १२ गुण कापले. आणि लगेच तिकिटांसाठी आणि क्लबच्या दुकानासमोर रांगा लागल्या! गुण गेले, खाली घसरणं जवळजवळ ठरलं, आणि लोक पैसे द्यायला रांगेत. शेजारी मला म्हणाले, आता पैसे मालकाला नाही, क्लबाला जातायत.

'बरी' नावाच्या क्लबचं काय झालं ते आठवतंय ना? १८९४पासून लीगमध्ये असलेला क्लब, ऑगस्ट २०१९ला काढून टाकला. लोकांनी सीझन तिकिटं काढलेली होती. पुढे चाहत्यांनी पुन्हा उभा केला आणि गिग लेन या जुन्या मैदानावर परत आणला.

गोलजाळी

आणि मोरकॅम! तोही २०२५च्या ऑगस्टात बुडता बुडता वाचला, पंजाब वॉरियर्स या गुंतवणूकदार गटाने घेतला. प्रशिक्षक म्हणून आश्वीर सिंग जोहल आले, ब्रिटनमधल्या व्यावसायिक क्लबचे पहिले शीख प्रशिक्षक. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या पंजाबी सहकाऱ्याने सगळ्यांना जिलेबी वाटली. तो जन्मात मोरकॅमला गेलेला नाही.

बाजारपेठ

मी वर लिहिलेलं थोडं बदलतो. 'यादीत दुसरा उभा आहे म्हणजे दर स्वस्त' हे दुकानाला लागू होतं, कारण गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊ शकतं. आर_रांग समोरच्या क्लबात जाणार नाहीत. बेडी पायात असलेल्या माणसाकडून बाजारभाव घेणं बरोबर नाही, हे मान्य. तरी नोकरीची टांगती तलवार असताना १४१५ पौंड फुटबॉलवर घालणं मला पटत नाही. घर आधी.

मर्सीकाठ

@बाजारपेठ, मोकळेपणाने लिहिलंत, आवडलं. त्यात एक जोडतो. १९८९ला शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी झाली, लिव्हरपूलचे ९७ चाहते गेले. त्यानंतर जानेवारी १९९०च्या टेलर अहवालामुळे मोठ्या स्टेडियममध्ये सगळ्यांना खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्या म्हणून दर भरमसाट वाढवण्याचं कारण नाही, असं त्याच अहवालात म्हटलंय. उदाहरण ग्लासगोच्या आयब्रॉक्सचं, उभं राहायला ४ पौंड आणि बसायला ६. क्लबांनी खुर्च्या घेतल्या आणि सहा पौंड विसरले. माझ्या भागात ही गोष्ट कोणी हलक्या आवाजात सांगत नाही.

आता २०२५च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याने नियामक आलाय. तिकिटाच्या दरांबद्दल क्लबांनी चाहत्यांशी बोलावं, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. तुमच्या क्लबच्या चाहता मंडळात नाव घाला, आर_रांग. वर्षाला फार तर पाच-दहा पौंड.

चाफा

आर_रांग, एक विचारू का? मुलगा ऑगस्टात अठराचा होतोय, शाळाही संपतेय. मग सप्टेंबरात तो असणार कुठे?

हिशेबनीस

हा प्रश्न मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवा होता.

आर_रांग

चाफाताई, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. लिहायचं टाळलं होतं.

त्याला न्यूकॅसलला प्रवेश मिळालाय, मेकॅनिकल इंजिनिअरिंग. गुण आले की तो जाणार. आमच्या घरापासून गाडीने तीन तासांच्या वर. फार तर नाताळात आणि ईस्टरच्या सुट्टीत, चार-पाच सामन्यांना येईल. हे मला ईमेल उघडतानाच माहीत होतं. त्याला विचारलंही नव्हतं, नूतनीकरणाच्या पानावर दोन्ही जागांपुढे खूण करून ठेवली होती. पैसे भरायचे तेवढे राहिले होते.

ती खुर्ची दुसऱ्याच्या नावावर झाली तर तो गेल्यासारखं होईल, असं वाटत होतं. ५२० पौंड त्याचेच होते.

तालीमकर

भाऊ. आम्ही पण पोरगं पुण्याला धाडलंय. घरात त्याचा टीशर्ट दोरीवर तसाच होता आठवडाभर. कळतंय.

चाफा

माझ्या विचारण्याने वाईट वाटलं असेल तर माफ करा. मुलगी एडिनबराला गेली तेव्हा मी तिच्या जिमची वर्गणी सहा महिने भरत होते. कार्ड इथल्या शाखेचं होतं.

आता प्रामाणिक मत. तुमची जागा ठेवा. लेकाची सोडा. आणि हे त्याच्याशी बोलून ठरवा, परस्पर नको.

हिशेबनीस

चाफा यांना दुजोरा. ८९५ हा आकडा मागच्या वर्षीच्या ११४४पेक्षा २४९ने कमी आहे. नोकरीचं काही झालं तर क्लबच्या अधिकृत एक्स्चेंजवर एकेक सामना परत देता येतो का ते बघा, बऱ्याच क्लबांत येतो. फक्त किमान इतक्या सामन्यांना स्वतः यायलाच हवं अशी अट हल्ली काही क्लब घालतात, ती आधी वाचा. मुलगा सुट्टीत आला की त्याच एक्स्चेंजवरून त्याला एकेक तिकीट घ्या. पाच सामन्यांचे धरले तरी ५२०पेक्षा बरंच कमी पडेल.

गोलजाळी

मी अजूनही म्हणतो दोन्ही ठेवा. यादीत उभं राहणं काय असतं ते मला विचारा.

बाजारपेठ

गोलजाळी, त्यांना आता ऑक्टोबरातलं घराचं कर्ज बघू दे.

टाइनकाठी

आज वर्षभराने लॉगिन केलं, ते 'न्यूकॅसल' वाचून. मी गॉस्फर्थला राहतो, विद्यापीठापासून मेट्रोने थोडक्यात. मूळचा नगरचा. मुलगा आला की कळवा. पहिल्या आठवड्यात जेवायला बोलावतो. बायको बाजरीची भाकरी करते, पीठ लेस्टरहून मागवतो.

आर_रांग

तीन दिवसांनी लिहितोय.

रविवारी शेवटचा घरचा सामना होता. जाताना गाडीत लेकाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मला वाटत होतं तुमच्यासाठी ठेवायला लागेल, म्हणून मी काही बोललो नाही." दोघंही एकमेकांसाठी ५२० पौंड भरायला निघालो होतो.

मध्यंतरात आजोबांनी गोळी पुढे केली. लेकाने ती घेतली आणि त्यांना इंग्रजीत सांगितलं की पुढच्या हंगामात मी इथे नसेन. ते थोडा वेळ मैदानाकडेच बघत राहिले. मग अख्खी पुडी त्याच्या हातात दिली. स्वतःचं तिकीट भरलंय का, असं मी विचारलं. म्हणाले, भरलं, मुलीने निम्मे दिले.

रात्री माझ्या जागेचे ८९५ भरले, दहा बिनव्याजी हप्ते. लेकाच्या जागेपुढची खूण त्यानेच काढली. मर्सीकाठ, चाहता मंडळाचा सभासद झालो, आणि अठराव्या वर्षी एकदम ७४ टक्के वाढ कशी, हे विचारणारं पत्र त्यांच्याकडे दिलंय. १९, २०, २१ असा टप्प्याटप्प्याने वाढणारा दर मागितलाय. तीन जणांनी खाली सह्या केल्या, तिघांचीही मुलं याच वयाची.

कन्सल्टेशनचं अजून कळलेलं नाही.

मर्सीकाठ

पत्राची प्रत इथे टाका, नावं काढून. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे, वापरतो.

कूपरेज_कट्टा

ती पुडी मुलाने न्यूकॅसलला न्यावी.

टाइनकाठी

आर_रांग, तुमचा क्लब इथे न्यूकॅसलच्या मैदानावर, सेंट जेम्सेस पार्कला येईल ना पुढच्या हंगामात? पाहुण्यांचं तिकीट ३० पौंड. मुलाला सीझन तिकीट नसल्यामुळे पाहुण्यांच्या स्टँडमध्ये नंबर लागणं अवघड जाईल, आत्ताच सभासदत्व तेवढं घेऊन ठेवा. तुम्हाला मात्र मिळावं. पाहुण्यांना पार वर, सातव्या मजल्यावर बसवतात. जिने चढून दम लागतो, जाडसर कोट आणा, वरती वारा थेट नदीवरून येतो.

त्याला नाही मिळालं तर तो माझ्याकडे बसून बघेल, आणि तुम्ही सामना संपल्यावर सरळ घरी या. मेट्रोचं स्टेशन स्टेडियमलाच लागून आहे.

आर_रांग

वेळापत्रक जूनमध्ये येतं. आलं की लगेच तारीख कळवतो. भाकरीचं पीठ मीच घेऊन येतो, लेस्टर आमच्या वाटेवर आहे.